'किरकोळ सुधारणा' म्हणजे नेमकं काय केलंस, दादा?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचा इयरफोन आज घरी राहिलाय, त्यांच्यासाठी या भागाचं लेखी रूप. बोलताना मी दोनदा अडखळलो होतो आणि एकदा कुकरची शिट्टी झाली होती, तेवढं काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच आहे.

फोन हातात आहेच, तर एक काम करा. प्ले स्टोअर उघडा आणि गेल्या आठवड्यात अपडेट झालेल्या कुठल्याही चार ॲप्सचं 'नवीन काय' वाचा. माझ्याकडे आत्ता चारपैकी तीन ठिकाणी एकच वाक्य आहे : बग फिक्सेस अँड परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट्स. कुठला बग? कुणाला त्रास देत होता? माहीत नाही. आपणही विचारत नाही, अपडेट दाबतो आणि पुढे जातो. दूधवाल्यानं महिन्याच्या बिलावर नुसतं 'दूध वगैरे' लिहून आकडा टाकला तर आपण त्याला दारात उभं करू. ॲपवाल्याला मात्र माफ.

मीही बरीच वर्षं हेच वाक्य लिहीत होतो. इंग्रजीत नाही, मराठीत : 'किरकोळ सुधारणा'. त्या दोन शब्दांनी लातूरजवळच्या एका गावातल्या मुलाचं काय केलं, ते आधी सांगतो. मग चेंजलॉग कसा लिहावा यावर माझं एक ठाम मत आहे, तेही सांगतो.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला मी पायथनचं एक छोटं मॉड्यूल लिहिलं होतं. काम एकच : आकड्यात रक्कम द्यायची, मराठी अक्षरी रक्कम घ्यायची. १,२५,४७९ दिले की 'एक लाख पंचवीस हजार चारशे एकोणऐंशी रुपये फक्त'. सोपं वाटतं ना? करून बघा. इंग्रजीत वीसपर्यंतचे शब्द आणि दहाचे पाढे आले की शंभरपर्यंत गाडी आपोआप जाते. मराठीत एक ते नव्याण्णव प्रत्येकाचं स्वतंत्र नाव. एकोणऐंशीला ऐंशीचं भान आहे, अठ्ठ्याहत्तरला नाही. सगळा तक्ता हातानं भरावा लागतो, आणि तो भरताना आपल्याला स्वतःला त्रेसष्ठ आणि त्र्याहत्तरमध्ये गडबड होते हे कळतं. मी आईला फोन करून पडताळला. तिनं तीन चुका काढल्या.

ते मी पायपीआयवर टाकलं आणि विसरलो. नोकरी लागली. मधूनमधून कुणी काही सांगितलं की दुरुस्ती करायचो, नवीन व्हर्जन टाकायचो. डाउनलोडचा आकडा बघायचो तो फक्त स्वतःला बरं वाटावं म्हणून.

एका मित्रानं लहान मुलांसाठी अंकांचा खेळ बनवला. त्यात माझं मॉड्यूल वापरलं. तो म्हणाला, अरे, तुझं ते शेवटचं 'फक्त' काढ ना, मुलांना 'सत्तावीस फक्त' ऐकून हसू येतं. मला पटलं. कोडमध्ये ते 'फक्त' एका ओळीत थेट चिकटवलेलं होतं, दिसायलाही वाईट होतं. काढून टाकलं. व्हर्जन ०.३.२. सोबतच्या ओळीत लिहिलं : किरकोळ सुधारणा.

आता तुमच्यापैकी कुणी बँकेत स्लिप भरली असेल, चेक लिहिला असेल, तर तुम्हाला कळलंय मी काय केलं ते. अक्षरी रकमेच्या शेवटी 'फक्त' असतं ते शोभेसाठी नसतं. त्याच्यापुढे कुणी काही वाढवू नये म्हणून तो दाराला लावलेला अडसर असतो. 'पाच हजार' च्या पुढे 'चारशे' लिहायला जागा राहते, 'पाच हजार फक्त' च्या पुढे राहत नाही. मी चोवीस वर्षांचा होतो आणि आयुष्यात चेक एकदाच लिहिला होता, तोही कॉलेजच्या डिपॉझिटसाठी वडिलांनी शेजारी बसून लिहून घेतला होता. माझ्या लेखी ते 'फक्त' म्हणजे दिसायला खराब असलेली एक ओळ.

पाच महिन्यांनी एक मेल आला. मराठीत, देवनागरीत, अतिशय नम्र. एका छोट्या पतसंस्थेचं पावती-व्हाउचरचं सॉफ्टवेअर बघणारा मुलगा होता. वय एकवीस, बीसीए नुकतं झालेलं, संस्थेत पगारावर नाही, वर्षाच्या देखभालीचे ठरलेले पैसे मिळायचे. संस्थेचा कॉम्प्युटर बिघडला, हार्डडिस्क बदलली, त्यानं सगळं नव्यानं इन्स्टॉल केलं. त्याच्या यादीत माझ्या मॉड्यूलपुढे '०.३ किंवा त्यापुढचं' असं लिहिलेलं होतं, त्यामुळे नवं इन्स्टॉल करताना ०.३.२ आलं. प्रोग्राम चालला. एरर नाही, इशारा नाही. व्हाउचर छापली जात राहिली, 'फक्त' शिवाय. कॅशिअरच्या लक्षात आलं नाही, कारण छापील कागदाचा शेवटचा शब्द कोण वाचतो. अंतर्गत तपासणीला आलेल्या ऑडिटरनं मात्र पहिल्या गठ्ठ्यातच बोट ठेवलं. पुढे दोनशेहून जास्त व्हाउचर निघाली. प्रत्येकावर हातानं 'फक्त' लिहायचं, मॅनेजरची सही घ्यायची, शिक्का मारायचा. पैशांचा घोटाळा काही झाला नव्हता. पण संचालक मंडळातल्या एकानं विचारलं की हा शब्द कुणी आणि कशासाठी काढला, आणि त्या मुलाकडे उत्तर नव्हतं. त्याचे देखभालीचे पैसे थांबवले गेले.

मेलच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं, 'दादा, तुमच्याकडून चूक झाली असं म्हणत नाही. पण बदल कुठे लिहिला होता ते सांगा, म्हणजे मला मॅनेजर साहेबांना दाखवता येईल.'

मी गिटचा लॉग उघडला. त्यात काय होतं, तेही वाचून दाखवतो, लाज सोडून : 'फिक्स'. 'फिक्स २'. 'टायपो'. 'क्लीनअप'. 'परत क्लीनअप'. 'आता तरी चाल बाबा'. बस. त्याला दाखवण्यासारखं माझ्याकडे काहीही नव्हतं.

पहिली प्रतिक्रिया काय झाली माहितीये? मी बचाव शोधला. सिमँटिक व्हर्जनिंग नावाची एक पद्धत आहे, टॉम प्रेस्टन-वर्नरनं मांडलेली. व्हर्जनचे तीन आकडे. पहिला वाढला तर जुन्या कोडला धक्का बसेल असा बदल, दुसरा वाढला तर नवी सोय, तिसरा वाढला तर नुसती दुरुस्ती. त्यातच असंही म्हटलंय की पहिला आकडा शून्य असेल तोवर काहीही कधीही बदलू शकतं. माझं व्हर्जन ०.३.२. म्हणजे नियमानं मी सुटलो! असं उत्तर मी टाइपही केलं होतं. पाठवलं नाही. त्या मुलाच्या हातात दोनशे व्हाउचरांचा गठ्ठा आणि मी त्याला शून्याचा नियम सांगणार? शिवाय माझं मॉड्यूल पाच वर्षं शून्यावरच बसलेलं होतं. शून्यावर राहण्याची सोय मी घेत होतो, किंमत तो देत होता.

तर आता मुद्द्यावर येतो. आपण जे कुणी ओपन सोर्स मॉड्यूल टाकतो, भले दहा ओळींचं असो, त्यानं एक चेंजलॉग ठेवावा. आणि तो आपापल्या लहरीनं लिहू नये, एका ठरलेल्या साच्यात लिहावा. माझी शिफारस 'कीप अ चेंजलॉग' या साच्याची आहे. ओलिव्हिए लाकान या डेव्हलपरनं तो २०१४ मध्ये मांडला, त्याचं १.० व्हर्जन २०१७ मध्ये आलं. एका पानाचा आहे. चहा निवायच्या आत वाचून होतो.

साचा असा. प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये 'चेंजलॉग डॉट एमडी' नावाची एक फाइल. सगळ्यात नवं व्हर्जन वर, जुनं खाली. प्रत्येक व्हर्जनपुढे तारीख. आणि त्याखाली सहा ठरलेली शीर्षकं, ज्यातली लागतील तेवढीच वापरायची : ॲडेड, म्हणजे नवं आलेलं. चेंज्ड, आधी होतं ते बदललं. डेप्रिकेटेड, आज आहे पण पुढे जाणार. रिमूव्ह्ड, गेलं. फिक्स्ड, दुरुस्त झालं. सिक्युरिटी, सुरक्षेचं. सगळ्यात वर एक 'अनरिलीज्ड' नावाचा कप्पा, ज्यात पुढच्या व्हर्जनचे बदल होतील तसे साठत जातात. रिलीजच्या दिवशी त्या कप्प्याला व्हर्जनचा नंबर आणि तारीख द्यायची, वर नवा रिकामा कप्पा उघडायचा. झालं.

यात तारखेचा मुद्दा बारीक वाटेल, पण आहे महत्त्वाचा. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा : २०१७-०६-२०. का? कारण ०४/०५ लिहिलं तर आपण म्हणू चार मे, अमेरिकेतला माणूस म्हणेल पाच एप्रिल, आणि दोघेही स्वतःच्या जागी बरोबर. मोठ्याकडून लहानाकडे लिहिलं की हा घोळ होत नाही. कॉम्प्युटरला क्रम लावायलाही सोपं.

आता त्या सहापैकी दोन शीर्षकांवर जरा थांबतो, कारण सगळ्यांत जास्त गोंधळ तिथेच होतो. डेप्रिकेटेड आणि रिमूव्ह्ड.

तुमच्यापैकी मशीन लर्निंग शिकणाऱ्यांना ही एरर नक्की भेटली असेल : नमपायला 'फ्लोट' नावाचा गुणधर्म नाही. यूट्यूबवरच्या जुन्या व्हिडिओत चालतंय, पुस्तकातल्या कोडमध्ये चालतंय, तुमच्या लॅपटॉपवर नाही. झालं असं की नमपायमध्ये 'एनपी डॉट फ्लोट', 'एनपी डॉट इंट' अशी नावं होती, जी खरं तर पायथनच्याच साध्या फ्लोट आणि इंटची टोपणनावं होती. लोकांना वाटायचं हे नमपायचे स्वतःचे खास प्रकार आहेत, त्यातून गैरसमज व्हायचे. नमपायवाल्यांनी जानेवारी २०२१ च्या १.२० व्हर्जनमध्ये ती डेप्रिकेट केली. म्हणजे चालत होती, पण इशारा देत होती. रिलीजच्या टिपणात लिहिलं की त्याऐवजी काय वापरा. मग डिसेंबर २०२२ च्या १.२४ मध्ये ती काढून टाकली. मध्ये जवळपास दोन वर्षं. तरीही जगभर कोड मोडला, कारण लोक इशारे वाचत नाहीत, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण ज्याचा कोड मोडला तो शोधायला गेला तर त्याला तारखेसकट, कारणासकट आणि उपायासकट उत्तर सापडत होतं. माझ्या लातूरच्या मुलाला जे हवं होतं ते नेमकं हेच.

मी काय करायला हवं होतं? 'फक्त' लगेच काढायचं नव्हतं. एक पर्याय द्यायचा : हवं असेल तर लावा, नको असेल तर बंद करा, आणि काहीच सांगितलं नाही तर पूर्वीसारखं लागेल. चेंजलॉगमध्ये 'ॲडेड' खाली ती ओळ. पुढे कधीतरी मूळ वागणूक बदलायचीच असेल तर आधी 'डेप्रिकेटेड' खाली सांगायचं, काही महिने जाऊ द्यायचे, मग बदलायचं. एवढं करायला मला एक संध्याकाळ लागली असती. मी जे केलं त्याला चार मिनिटं लागली होती.

सिक्युरिटीचं वेगळं शीर्षक कशाला, असं कुणी विचारेल. डिसेंबर २०२१ आठवा. लॉग-फोर-जे मधली ती भोकं. पहिली भगदाडासारखी चूक जाहीर झाली, २.१५.० आलं. सगळ्यांनी धावतपळत ते टाकलं. मग कळलं की ते पुरेसं नाही, २.१६.० आलं. मग २.१७.० आलं. मग २.१७.१. सगळं एकाच महिन्यात. त्या आठवड्यांत रात्री जागणाऱ्या माणसाला एकच प्रश्न होता : मी आत्ता ज्या व्हर्जनवर आहे ते सुरक्षित आहे का, आणि नसेल तर कशापासून नाही? असा प्रश्न पडलेल्या माणसाला वीस ओळींच्या 'सुधारणां'मधून उत्तर खणून काढायला लावू नये. ते वेगळं, डोळ्यांत भरेल असं लिहिलेलं असावं.

हे काही कुणी कालपरवा शोधून काढलेलं शहाणपण नाही, हे मला नंतर वाचताना कळलं आणि जरा ओशाळायला झालं. तुमच्यातले जे उबुंटू वापरतात त्यांनी टर्मिनलमध्ये 'एपीटी चेंजलॉग' लिहून पुढे कुठल्याही पॅकेजचं नाव द्या. समोर त्या पॅकेजचा इतिहास उलगडतो. डेबियनमध्ये चेंजलॉगची फाइल हा ऐच्छिक विषयच नाही. पॅकेज बांधणारं साधन व्हर्जनचा नंबर त्याच फाइलच्या पहिल्या ओळीतून उचलतं. म्हणजे चेंजलॉग लिहिला नाही तर पॅकेजच बनत नाही! हे मला फार आवडलं. शिस्त माणसाच्या सद्गुणावर सोडलेली नाही, वाटेतच नाका बांधलाय.

पर्लवाल्यांचं सीपॅन तर १९९५ पासूनचं. तिथे मॉड्यूलसोबत 'चेंजेस' नावाची फाइल द्यायची पद्धत जुनी, पण प्रत्येकाची लिहिण्याची तऱ्हा वेगळी. मग ब्रायन कॅसिडी यांनी तिच्यासाठी एक नेमका साचा लिहून काढला : व्हर्जन, शेजारी तारीख, खाली डॅश देऊन बदल, हवे तर चौकटी कंसात गट. एवढंच. ते साधं असल्यामुळे माणूसही वाचतो आणि मशीनही. मेटासीपॅनच्या साइटवर मॉड्यूलचं पान उघडलं की ताज्या व्हर्जनचे बदल तिथेच समोर दिसतात. साचा एकच असण्याचा फायदा हा. दहा हजार लोकांनी दहा हजार तऱ्हांनी लिहिलं तर ते फक्त माणसालाच वाचता येतं, तेही वेळ असेल तर.

म्हणून मी 'ठरलेला साचा' यावर अडून आहे. कुठला साचा, यावर मी भांडणार नाही. पर्लमध्ये असाल तर पर्लचा पाळा. तुमच्या भाषेच्या गावात जी रीत असेल ती.

आता आक्षेप. हे बोललो की लोक तीन गोष्टी म्हणतात.

पहिली : गिटचा लॉग आहे ना, तोच चिकटवू. नको. कमिट मी माझ्यासाठी आणि माझ्यासोबत काम करणाऱ्यासाठी लिहितो. चेंजलॉग वापरणाऱ्यासाठी असतो. घर रंगवणाऱ्या माणसाची वही आणि घरमालकाला दिलेली पावती यात फरक असतोच की. त्याच्या वहीत 'सकाळी ब्रश धुतले' हेही असतं. जीएनयूच्या लोकांनी हे फार आधी ओळखलं होतं. त्यांच्या नियमांत दोन वेगळ्या फाइली आहेत : 'चेंजलॉग' म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद, आणि 'न्यूज' म्हणजे वापरणाऱ्याला जाणवतील असे बदल. आज आपण ज्याला चेंजलॉग म्हणतोय तो खरं तर त्यांच्या 'न्यूज'चा वारसदार आहे. नावांची थोडी अदलाबदल झालीये, असो.

कमिटचे संदेशच एका ठरावीक पद्धतीनं लिहायचे आणि त्यातून चेंजलॉग आपोआप काढायचा, अशीही एक पद्धत आहे. कन्व्हेन्शनल कमिट्स म्हणतात. माझ्या ऑफिसात मोठ्या टीममध्ये ती चालते, कारण तिथे कमिट तपासणारा दुसरा माणूस असतो. एकट्यानं रात्री अकराला काम करणारा माझ्यासारखा माणूस 'आता तरी चाल बाबा' च्या आधी 'फिक्स :' लावेल आणि आपण पद्धत पाळली म्हणून खूश होईल.

दुसरी : एआयला सांगतो, तो लिहून देईल. खरं सांगू? माझ्या ०.३.२ च्या वेळी एआयला फरक दाखवला असता तर त्यानं 'शेवटचा फक्त हा शब्द काढला' असं नक्की लिहिलं असतं. म्हणजे माझ्यापेक्षा बरंच लिहिलं असतं. तेव्हा वापरा, जरूर वापरा. पण त्या खाली आणखी एक ओळ लागते : व्हाउचर, पावती, चेक यांसाठी वापरत असाल तर हा बदल तुम्हाला लागू होतो, असं करा. ती ओळ लिहायला मॉड्यूल कोण वापरतंय याची कल्पना असावी लागते. मलाही नव्हती, हे इथे कबूल करतो. पण लिहायला बसलो असतो तर 'हे कुणाला लागेल?' हा प्रश्न निदान पडला असता.

तिसरी, आणि हीच खरी : माझं छोटंसं प्रोजेक्ट, कोण वाचतंय! दोन माणसं वाचतात. एक जो अपडेट करायच्या आधी दबकत बघतो, आणि दुसरा ज्याचं आधीच मोडलंय. पहिला क्वचित भेटतो. दुसरा नेहमी वाईट वेळी येतो, आणि तेव्हा त्याला लिहिलेलं काहीतरी हवं असतं. स्टार किती आणि डाउनलोड किती, याचा त्याच्याशी संबंध नाही. माझ्या रिपॉझिटरीला तेव्हा अकरा स्टार होते, त्यातले चार माझ्या हॉस्टेलच्या मित्रांचे.

बरं, मी पुढे काय केलं. त्या रात्री ०.३.३ काढलं, 'फक्त' परत आणलं. ०.३.२ ला पायपीआयवर यँक केलं. यँक म्हणजे ते व्हर्जन पुसलं जात नाही, पण कुणी मुद्दाम तोच नंबर मागितल्याशिवाय पिप ते उचलत नाही. डिलीट करण्यापेक्षा हे बरं, कारण कुणाचं तरी त्याच नंबरवर अडलेलं असू शकतं. या साच्यात त्याचीही सोय आहे, व्हर्जनपुढे चौकटी कंसात 'यँक्ड' लिहायचं. मी लिहिलं, आणि खाली कारण लिहिलं.

मग एका रविवारी बसून सगळ्या जुन्या व्हर्जनचा चेंजलॉग मागे जाऊन लिहिला. चौदा व्हर्जन. हे चालतं, फसवणूक नाही. कीप अ चेंजलॉगमध्येच म्हटलंय की जुना चेंजलॉग सुधारायला हरकत नाही. त्या दिवशी कळलं की ०.२.१ मध्ये मी पैशांची गोळाबेरीज करण्याची रीतही गुपचूप बदलली होती. कुणाला त्रास झाला का? मेल तरी आला नाही. तेवढं म्हणून मी पुढे सरकलो, पण त्या ओळीपाशी बराच वेळ थांबलो होतो.

भाषेचा एक पेच आला. सहा शीर्षकं मी इंग्रजीतच ठेवली, कारण साधनं तीच ओळखतात आणि उद्या कुणी मराठी न येणारा माणूस आला तर त्यालाही निदान काय गेलं आणि काय आलं ते कळेल. खालच्या ओळी मात्र मराठीत. माझं मॉड्यूल वापरणारा माणूस मराठी अक्षरी रक्कम छापतोय, त्याला मराठी येत असणारच. एका सहकाऱ्यानं नाक मुरडलं, हे प्रोफेशनल दिसत नाही म्हणाला. त्याला म्हटलं, तू वापरतोस का? नाही म्हणाला. मग विषय संपला.

त्या मुलाला मी दोन गोष्टी पाठवल्या. एक, चेंजलॉगचा दुवा. आणि दुसरं, साध्या मराठीत एक पत्र, की अमुक तारखेच्या व्हर्जनमध्ये हा शब्द मी काढला, त्याची पूर्वसूचना दिली नाही, ही चूक माझी आहे, सॉफ्टवेअर बसवणाऱ्याची नाही. खाली माझं नाव आणि फोन नंबर. मॅनेजर साहेबांचा फोन आला नाही. पण दोन आठवड्यांनी मुलाचा मेल आला की पैसे सुटले. त्यानं आता यादीत 'किंवा त्यापुढचं' काढून नेमका नंबर लिहिलाय, असंही कळवलं. हे त्यानं आधीच करायला हवं होतं का? हो, हवं होतं. पण ते मी त्याला शिकवण्याची वेळ ती नव्हती.

मागच्या दिवाळीत त्याची पहिली पुल रिक्वेस्ट आली. व्हाउचरवर पन्नास पैसे आले की माझं मॉड्यूल 'रुपये' दोनदा लिहीत होतं, ते त्यानं दुरुस्त केलं होतं. कोडचा बदल तीन ओळींचा. आणि चेंजलॉगमध्ये, 'अनरिलीज्ड' च्या कप्प्यात, 'फिक्स्ड' खाली, त्यानं पाच ओळी लिहिल्या होत्या : काय चुकत होतं, कुठल्या रकमांना, कधीपासून, आणि जुनी व्हाउचर कुणी तपासावीत. मी एक शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आणि मर्ज केलं.